डॉ. शिरोडकर आणि त्यांचा टाका

जगातील कोणत्याही देशातले प्रसूतिशास्त्राचे पाठ्यपुस्तक उघडले, तरी त्यात एक अस्सल गोमंतकीय आडनाव आढळते : शिरोडकर. परदेशी विद्यार्थी ते अडखळत उच्चारतात, परीक्षेसाठी पाठ करतात आणि पुढे व्यवसायात रुग्णांच्या केसपेपरवर लिहितात. हे एका माणसाचे नाव आहे, तो माणूस मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या आवारात काम करीत होता आणि त्याचे आडनाव गोव्यातील एका गावावरून आले आहे, हे त्यांतील अनेकांना ठाऊकही नसते. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी गर्भाशयाच्या मुखाला घातलेल्या एका टाक्यामुळे, दिवस भरण्याआधीच वारंवार मूल गमावणाऱ्या कित्येक स्त्रियांची कूस उजवली. तो टाका केव्हा घालायचा आणि केव्हा कापायचा, या दोन प्रश्नांभोवती प्रसूतिशास्त्राची पुढची वाटचाल बऱ्याच अंशी फिरत राहिली.

शिरोडकरांचा जन्म २७ एप्रिल १८९९ रोजी गोव्यातील शिरोडा या गावी झाला. गोव्यावर त्या वेळी पोर्तुगीजांची सत्ता होती. इंग्रजी शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या अनेक हिंदू कुटुंबांतील मुलांना तेव्हा ब्रिटिश हद्दीतील शहरे गाठावी लागत. शिरोडकरांचे शालेय शिक्षण हुबळीला झाले, महाविद्यालयीन शिक्षणासाठी ते पुण्यास आले आणि वैद्यकाच्या अभ्यासासाठी त्यांनी मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज निवडले. १८४५ मध्ये स्थापन झालेले हे महाविद्यालय देशातील जुन्या वैद्यकीय शिक्षणसंस्थांपैकी एक. येथून १९२३ मध्ये ते एम.बी.बी.एस. झाले. स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्र हा विषय घेऊन १९२७ मध्ये त्यांनी एम.डी. ही पदवी मिळविली. त्यानंतर इंग्लंडला जाऊन १९३१ मध्ये ते एफ.आर.सी.एस. झाले. प्रसूतितज्ज्ञाने शल्यचिकित्सेची एवढी मोठी पात्रता मिळविणे पुढे फार उपयोगी ठरले, कारण शिरोडकर अखेरपर्यंत प्रथम शल्यविशारद राहिले. गर्भाशय, त्याचे मुख आणि त्याला धरून ठेवणारे स्नायुबंध यांकडे ते कुशल कारागिराच्या नजरेने पाहत.

मुंबईस परतल्यावर ते जे. जे. रुग्णसमूहातील बाई मोतलीबाई रुग्णालयात मानद प्रसूतितज्ज्ञ म्हणून काम करू लागले. मोतलीबाई वाडिया या पारशी दानशूर स्त्रीच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे स्त्रियांचे रुग्णालय उभे राहिले होते. त्या काळच्या मानद पद्धतीनुसार नामवंत डॉक्टर सरकारी रुग्णालयात सेवा व अध्यापन करीत आणि उपजीविका खासगी व्यवसायावर चालवीत. १९४० च्या सुमारास शिरोडकरांकडे ग्रँट मेडिकल कॉलेजातील प्रसूतिशास्त्र व स्त्रीरोग विषयाचे प्राध्यापकपद आले आणि १९५५ पर्यंत ते त्यांनी सांभाळले. या पंधरा वर्षांत त्यांच्या नजरेखालून हजारो बाळंतपणे गेली आणि आपल्या विषयाचे एक कोडे त्यांना स्वस्थ बसू देईना.

ते कोडे समजण्यासाठी त्या काळाची स्थिती लक्षात घ्यावी लागते. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात सल्फा औषधे आली, १९४० च्या दशकात पेनिसिलिन आले, रक्तपेढ्या सुरू झाल्या. बाळंतरोगाने आणि रक्तस्रावाने मरणाऱ्या माता त्यामुळे वाचू लागल्या. अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी मात्र डॉक्टरांच्या हाती ऊब, स्वच्छता, थोडाफार प्राणवायू आणि नळीने घातलेले दूध यांपलीकडे फारसे काही नव्हते. अशा बाळाची फुफ्फुसे पिकलेली नसतात आणि त्यांना श्वासोच्छ्वासाचा भार पेलवत नाही. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक सुमारे साडेपाच आठवडे आधी जन्मला. बॉस्टनमधील सर्वोत्तम उपचार उपलब्ध असूनही तो दोन दिवस जगू शकला नाही. जगातील सर्वांत सामर्थ्यवान माणसाच्या मुलाची ही कथा, तर भायखळ्याच्या सरकारी रुग्णालयात सहाव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाची काय अवस्था होत असेल, हे सांगायला नको. अशा बाळासाठी आईच्या गर्भाशयाइतके दुसरे सुरक्षित ठिकाण नव्हते आणि तेथेच त्याला आणखी काही आठवडे ठेवणे हाच खरा उपाय होता.

काही स्त्रियांच्या बाबतीत नेमके तेच होत नसे. पहिले तीन महिने सुखरूप पार पडत. बाळाची हालचाल जाणवू लागे. मग चौथ्या ते सातव्या महिन्यांच्या दरम्यान केव्हातरी, बहुधा फारशा कळा न येताच, एकाएकी पाणमोट फुटे आणि थोड्याच वेळात सारे संपून जाई. जन्मलेले मूल अनेकदा व्यंगरहित असे, पण जगण्याइतके वाढलेले नसे. पुढच्या खेपेला पुन्हा तेच, त्यापुढच्या खेपेला पुन्हा तेच. त्या काळी अशा स्त्रीला महिनोन्महिने अंथरुणाला खिळवून ठेवीत, संप्रेरकांची इंजेक्शने देत, घरची माणसे नवस बोलत. कशाचाही भरवसा नसे. दोष मात्र बाईच्या पदरी पडे. मुंबई प्रांतात हिंदूंच्या द्विभार्येला कायद्याने बंदी झाली ती १९४६ मध्ये. तोवर मूल न टिकणाऱ्या बाईच्या घरात सवत आणण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. म्हणजे तिच्या दृष्टीने प्रश्न केवळ एका गर्भाचा नव्हता, तिचे घरातले स्थानच त्यावर अवलंबून होते.

अशा स्त्रियांना शिरोडकरांनी गर्भारपणात वरचेवर तपासले आणि गर्भाशयाच्या मुखाकडे लक्ष केंद्रित केले. निरोगी गर्भारपणात हे मुख नऊ महिने घट्ट मिटलेले असते. त्याच्या वरच्या टोकाशी, म्हणजे अंतर्मुखाशी, गर्भाचा सारा भार पेलला जातो. या स्त्रियांचे अंतर्मुख मात्र कळांवाचूनच हळूहळू उघडताना त्यांना आढळले. पोट वाढले, भार वाढला की ते सैल पडे. उघडलेल्या मुखातून पाणमोट फुग्यासारखी खाली डोकावू लागे. आधार सुटलेले ते पातळ आवरण ताणले जाई आणि योनिमार्गातील जंतूंच्या संपर्कात येऊन आणखी कमकुवत होई, हेही आज ठाऊक आहे. अखेर ते फुटे. म्हणजे पाणमोट फुटणे ही घटनेची सुरुवात वाटत असली, तरी प्रत्यक्षात ती एका दीर्घ प्रक्रियेची अखेर होती. बाळ सुदृढ, गर्भाशय सुदृढ, संप्रेरके पुरेशी, आणि दोष केवळ एका सैल पडलेल्या दाराचा, असे निदान शिरोडकरांनी केले. हा दोष जन्मजात असू शकतो किंवा आधीच्या बाळंतपणातील वा शस्त्रक्रियेतील इजेमुळेही उद्भवू शकतो.

दोष दाराचा असेल तर दार बांधावे, हा विचार ऐकायला सोपा वाटतो. पण गर्भवतीच्या गर्भाशयमुखाला हात लावणे म्हणजे गर्भपाताला आमंत्रण, अशी तेव्हाची समजूत होती. शिकागोच्या लॅश पितापुत्रांनी १९५० मध्ये अशा मुखाची दुरुस्ती वर्णिली होती, पण ती गर्भ नसताना करण्याची होती. त्यात मुखाचा काही भाग कापून पुन्हा शिवावा लागे आणि त्यानंतर दिवस राहतीलच याची शाश्वती नसे. शिरोडकरांनी गर्भ पोटात असतानाच शस्त्रक्रिया करण्याचे धाडस केले. मुखाच्या पुढील बाजूस छोटा छेद घेऊन ते मूत्राशय हळुवारपणे वर सारत. मागील बाजूसही तसाच छेद घेत. मग रुग्णेच्याच मांडीतील चिवट आवरणाची काढलेली पट्टी अंतर्मुखाच्या पातळीवर, श्लेष्मल आवरणाच्या आतून, मुखाभोवती कंकणासारखी फिरवीत आणि बांधून टाकीत. स्वतःच्याच शरीरातील ऊती असल्याने शरीर ती सहजी नाकारत नसे. पुढे या पट्टीची जागा कृत्रिम धाग्याच्या फितीने घेतली. शस्त्रक्रियेचे मर्म टाका किती उंचावर बसतो यात होते. तो जितका अंतर्मुखाजवळ, तितका आधार पक्का.

१९५५ मध्ये मद्रासहून निघणाऱ्या 'अँटिसेप्टिक' या वैद्यकीय मासिकात त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. लेख जेमतेम दोन पानांचा होता. आधीच्या पाच वर्षांत पाहिलेल्या सुमारे ३० स्त्रियांचा अनुभव त्यात होता. त्या प्रत्येकीचे किमान ४ गर्भपात झालेले होते, काहींचे त्याहून कितीतरी अधिक. विलायतेतील एखाद्या प्रतिष्ठित नियतकालिकाऐवजी देशी मासिकात आलेला हा छोटासा लेख विस्मृतीत जाऊ शकला असता. तसे झाले नाही, कारण शिरोडकर स्वतः देशोदेशी गेले, त्यांनी व्याख्याने दिली आणि शस्त्रक्रियेची प्रात्यक्षिके करून दाखविली. १९५७ मध्ये मेलबर्नचे इयान मॅकडोनल्ड यांनी याच कल्पनेवर आधारलेला, मूत्राशय न सारता घालता येणारा सोपा टाका वर्णिला. तेव्हापासून शिरोडकर आणि मॅकडोनल्ड ही दोन नावे पाठ्यपुस्तकांत शेजारी शेजारी नांदत आहेत. १९६० मध्ये शिरोडकरांचा प्रसूतिशास्त्र व स्त्रीरोगशास्त्रातील आपल्या कामाविषयीचा इंग्रजी ग्रंथ एडिंबरोहून प्रसिद्ध झाला. स्वातंत्र्यानंतर अवघ्या काही वर्षांत भारतीय शल्यविशारदाने शोधलेली शस्त्रक्रिया पाश्चात्त्य देशांतील डॉक्टर शिकू लागले, ही गोष्ट त्या पिढीला विशेष अभिमानाची वाटली यात नवल नाही.

शिरोडकरांचे कार्य या टाक्यापुरते मर्यादित नव्हते. अंग बाहेर येणे, म्हणजे गर्भाशय खाली घसरणे, हा विकार पाश्चात्त्य देशांत मुख्यतः उतारवयातील स्त्रियांचा मानला जाई. आपल्याकडे लहान वयात लागोपाठ झालेली बाळंतपणे आणि बाळंतीण उठताच सुरू होणारी अंगमेहनत यांमुळे तरुण स्त्रियांनाही तो जडत असे. त्यावरील प्रचलित मँचेस्टर शस्त्रक्रियेत गर्भाशयमुखाचा भाग छाटला जाई. अंग वर जाई, पण पुढच्या गर्भारपणात मुख दुबळे राहून मूल अपुऱ्या दिवसांत जाण्याचा धोका वाढे. शिरोडकरांनी मुख न छाटता करायची पद्धत बसविली. शिवाय पट्टीच्या साहाय्याने गर्भाशय मागे माकडहाडाच्या वरच्या मणक्याच्या भागाकडे टांगून धरणारी शस्त्रक्रियाही त्यांनी विकसित केली. ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. दोन्ही कामांमागे एकच सूत्र दिसते : स्त्रीची जननक्षमता राखायची असेल, तर गर्भाशयमुखाचे मोल ओळखले पाहिजे. कुटुंबनियोजनाच्या चळवळीशीही त्यांचा निकटचा संबंध होता. हवे असलेले मूल टिकावे आणि नको असलेले लादले जाऊ नये, या दोन गोष्टींत त्यांना विरोध दिसला नाही.

टाका घालणे ही अर्धी जबाबदारी, तो वेळेवर कापणे ही उरलेली अर्धी. साधारणपणे बाराव्या ते चौदाव्या आठवड्यात टाका घातला जातो आणि छत्तिसाव्या-सदतिसाव्या आठवड्यात काढला जातो. तो खोलवर कायम ठेवायचा ठरल्यास बाळंतपण सिझेरियनने करावे लागते. खरी कसोटी लागते ती मधल्या काळात काही बिघडले तर. जोरदार कळा सुरू झाल्या आणि टाका तसाच राहिला, तर गर्भाशयमुख फाटू शकते, क्वचित गर्भाशयही फुटू शकते. पाणमोट फुटलेली असताना नवा टाका घालू नये, हा तर पहिला धडा. पाणमोट ही जंतूंविरुद्धची भिंत आहे. ती पडल्यावर दार बांधणे म्हणजे शत्रूला घरात कोंडून घेणे होय. गर्भाशयात जंतुसंसर्ग पसरला तर बाळाबरोबर आईचाही जीव धोक्यात येतो. अशा वेळी दिवस कितीही अपुरे असोत, बाळंतपण करून घेणे हाच मार्ग उरतो.

टाका आधीच घातलेला असताना मुदतीपूर्वी पाणमोट फुटली तर काय करावे, हा प्रश्न मात्र आजही वादाचा आहे. शिरोडकरांच्या हयातीत टाका राखून फारसे काही साधण्यासारखे नव्हते, कारण मिळालेल्या एक-दोन दिवसांत बाळाची फुफ्फुसे पिकविण्याचे साधन नव्हते. त्यांच्या निधनानंतर वर्षभराने, १९७२ मध्ये, न्यूझीलंडच्या ऑकलंड शहरातील ग्रॅहम लिगिन्स आणि रॉस हॉवी यांनी आईला स्टेरॉइडची इंजेक्शने दिल्यास अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा श्वसनविकार घटतो, असे दाखवून दिले. त्यानंतर ४८ तासांना मोल आले. संसर्गाची चिन्हे नसतील, रक्तस्राव नसेल आणि कळा नसतील, तर काही डॉक्टर तेवढ्या अवधीपुरता टाका ठेवतात आणि स्टेरॉइडचा परिणाम होऊ देतात. काही जण तो तत्काळ काढून टाकतात. दोन्ही पक्षांना एक गोष्ट मान्य आहे : ताप, पोटात दुखरेपणा, दुर्गंधीयुक्त स्राव वा बाळाच्या हृदयाचे वाढलेले ठोके दिसताच वाट पाहणे थांबवावे.

अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणांपैकी सुमारे एक तृतीयांश बाळंतपणांच्या आधी पाणमोट फुटलेली असते आणि त्यातील बहुतेकींना टाका कधी घातलेलाच नसतो. त्यांच्यासाठीही वाट पाहणे आणि बाळंतपण उरकणे यांतील तोल हाच उपचाराचा गाभा आहे. पाणमोट फुटल्यावर प्रतिजैविके दिल्यास संसर्ग कमी होतो आणि काही दिवस मिळतात. त्यातही औषधाची निवड महत्त्वाची असते, हे २००१ मधील ओरॅकल या मोठ्या चाचणीने दाखविले. एरिथ्रोमायसिन बाळाला हितकारक आढळले, तर को-अ‍ॅमॉक्सिक्लॅव्हने बाळाच्या आतड्यांच्या गंभीर विकाराचे प्रमाण वाढलेले दिसले. फार लवकर होणाऱ्या बाळंतपणात मेंदूच्या संरक्षणासाठी आईला मॅग्नेशियम सल्फेट देतात. गर्भवतीला योनिमार्गातून पाणी गेल्याची शंका जरी आली, तरी कळांची वाट न पाहता तिने रुग्णालय गाठावे, हा सल्ला या साऱ्यातून निघतो.

एखादा उपाय गाजला की तो गरज नसतानाही वापरला जातो. शिरोडकरांच्या टाक्याचेही तसेच झाले. एखादाच गर्भपात झालेल्या किंवा केवळ घाबरलेल्या स्त्रियांनाही टाके पडू लागले. अखेर १२ देशांतील १,२९२ स्त्रियांवर मोठी चाचणी झाली आणि तिचे अंतिम निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. टाक्याची गरज आहे की नाही याबद्दल ज्यांच्या डॉक्टरांनाच खात्री नव्हती, अशा या स्त्रिया होत्या. टाका घातलेल्या गटात ३३ आठवड्यांपूर्वी बाळंतपण झाले १३ टक्के स्त्रियांचे, न घातलेल्या गटात १७ टक्क्यांचे. म्हणजे सुमारे २५ टाक्यांमागे एका स्त्रीला लाभ झाला आणि बाळंतपणानंतरच्या तापाचे प्रमाण मात्र दुप्पट झाले. पण त्याच चाचणीत, ज्यांची पूर्वीची तीन वा अधिक गर्भारपणे मुदतीआधी संपली होती, त्यांच्यात हे प्रमाण ३२ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आले. शिरोडकरांच्या १९५५ च्या लेखातील स्त्रिया नेमक्या याच वर्गातल्या होत्या. टाका सर्वांसाठी नव्हे, हे चाचणीने सिद्ध केले, आणि शिरोडकरांनी तो ज्यांच्यासाठी योजला होता त्यांच्या बाबतीत त्यांचे निदान बरोबर होते, हेही तिने दाखवून दिले. सोनोग्राफीने गर्भाशयमुखाची लांबी मोजता येऊ लागल्यापासून ही निवड अधिक नेमकी झाली आहे.

भारत सरकारने १९६० मध्ये शिरोडकरांना पद्मभूषण आणि १९७१ मध्ये पद्मविभूषण देऊन गौरविले. त्याच वर्षी ७ मार्च रोजी, वयाच्या ७१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. नवजात अर्भकांच्या अतिदक्षता विभागांचे युग तेव्हा नुकते कुठे सुरू होत होते. आज सातव्या महिन्यात जन्मलेली बाळे मोठ्या संख्येने वाचतात, तरीही गर्भाशयात मिळालेल्या प्रत्येक जादा आठवड्याची सर कोणत्याही यंत्राला येत नाही. तो आठवडा मिळवून देण्यासाठी, तीन-चार वेळा ओंजळ रिकामी झालेल्या एखाद्या स्त्रीला आजही शस्त्रक्रियागृहात नेले जाते, तिच्या गर्भाशयमुखाभोवती उंचावर एक फीत फिरवून बांधली जाते आणि केसपेपरवर एक शब्द लिहिला जातो : शिरोडकर.